पट्टी हलली म्हणजे थरार झाला का?

संशोधनासाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत हल्ली ई-स्पोर्ट्स हमखास असतं. चांगली गोष्ट आहे. पण सिनॉप्सिसमध्ये पुढचं वाक्य बहुतेक वेळा असं येतं : ‘अंतिम सामना पाहताना प्रेक्षकांना थरार जाणवतो, हा थरार मोजणे हे प्रस्तुत संशोधनाचे उद्दिष्ट आहे.’ आणि इथेच गाडी अडते. मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? कमिटीसमोर हा प्रश्न येणारच. त्याआधी आपण तो स्वतःला विचारलेला बरा.

उदाहरण जवळचं घेऊ. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख. वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या ज्यांनी आयुष्यात कधी अख्खा डाव पाहिला नव्हता, त्यांच्याही मोबाइलवर ते थेट प्रक्षेपण पोचलं.

तुम्ही म्हणाल, ई-स्पोर्ट्सच्या गोष्टीत बुद्धिबळ कुठून आलं? दोन कारणं. एक, बातुमीचा सामना संपला २८ जुलैला, आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, रियाधमधल्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळाचा अंतिम सामना झाला. मॅग्नस कार्लसननं अलीरेझा फिरूझाला हरवलं. त्या स्पर्धेत बुद्धिबळाचा समावेश त्याच वर्षी पहिल्यांदा झाला होता. दुसरं कारण आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. पडद्यावर बघणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात : मधे पट, कोपऱ्यात खेळाडूंचे चेहरे, बाजूला बोलणारे समालोचक आणि कडेला वरखाली होणारी एक काळी-पांढरी पट्टी.

या पट्टीबद्दलच मला तक्रार करायची आहे. ती असू नये असं नाही माझं म्हणणं. पण ती जे दाखवते त्याला आपण थरार समजायला लागलोय, आणि संशोधन करणाऱ्यानं तरी ही गल्लत करू नये.

आधी, घडलं काय

अंतिम सामन्याचे पहिले दोन डाव पारंपरिक वेळेचे होते. २६ आणि २७ जुलैला दोन्ही बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती, संगणकाच्या हिशेबानं तिची बाजू चांगलीच वरचढ झाली होती, पण ती संधी निसटली. मग २८ तारखेला टायब्रेक. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीमागे १० सेकंद वाढीव. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. शेवटच्या टप्प्यात वेळ कमी उरला, डाव हातात येतोय आणि निसटतोय असं झालं, आणि अखेर दिव्या जिंकली.

तेव्हा ती १९ वर्षांची होती. स्पर्धेत तिचं मानांकन १५ वं होतं. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. हा चषक जिंकल्यामुळे किताब थेट मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, म्हणजे दिव्याचा जन्म व्हायच्या तीन वर्षं आधी. गोष्ट म्हणून यात काहीच कमी नाही.

आता लक्ष द्या. सामना संपल्यावर दिव्यानं स्वतःच सांगितलं, की आपल्याला डावाच्या अखेरच्या टप्प्याचा अभ्यास करायला हवा, कारण सोपा विजय आपण मधेच अवघड करून घेतला. म्हणजे आपल्याला ज्या मिनिटांनी सगळ्यात जास्त धडधडवलं, ती तिच्या मते तिनं सगळ्यात वाईट खेळलेली मिनिटं होती. खेळाची गुणवत्ता आणि बघणाऱ्याचा थरार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी यांपैकी पहिलीबद्दल बोलते. दुसरीबद्दल तिला काही माहीत नाही.

पट्टी कुणाबद्दल बोलते?

पट्टीमागे स्टॉकफिशसारखं संगणक इंजिन असतं. ते स्थिती तपासून एक आकडा देतं : शून्य म्हणजे समसमान, अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. पूर्वी हा आकडा प्याद्यांच्या भाषेत वाचायचे, +१ म्हणजे साधारण एक प्यादं जास्त असल्याइतका फायदा. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशनं त्याचा अर्थ बदलून पक्का केला : +१ म्हणजे त्या स्थितीतून इंजिन इंजिनाविरुद्ध खेळलं तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के.

हे वाक्य पुन्हा वाचा. इंजिन इंजिनाविरुद्ध. हंपी दिव्याविरुद्ध नाही. शेवटची दोन मिनिटं उरलेली माणसं तर मुळीच नाहीत.

माणसांच्या भाषेत आणायचं तर माणसांचे डाव लागतात. लीचेस या मोफत संकेतस्थळानं तसं केलंय. साधारण २३०० गुणांकनाच्या खेळाडूंचे डाव घेऊन त्यांनी इंजिनाचा आकडा विजयाच्या टक्केवारीत बदलणारं सूत्र बसवलं. त्या सूत्रात ० ला ५० टक्के येतात, +१ ला सुमारे ५९, +३ ला सुमारे ७५ आणि +६ ला सुमारे ९०. म्हणजे ० पासून +३ पर्यंतच्या उडीत २५ टक्क्यांचा फरक पडतो, आणि पुढच्या तेवढ्याच उडीत फक्त १५ चा. पट्टीवर तुम्ही नुसते आकडे मोजलेत तर या दोन उड्या तुम्हाला सारख्या वाटतील. बघणाऱ्याच्या पोटात मात्र त्या सारख्या नसतात.

पहिला धडा इथेच घ्या. कुठलंही तयार मोजमाप उचलताना विचारा, की हा आकडा मुळात कुणाबद्दल आहे? कुणाच्या डेटावर बसवलाय? सहज मिळतो म्हणून घेतलेला आकडा पुढे तीन वर्षं मानगुटीवर बसतो.

धुकं आणलं कुणी?

आता ई-स्पोर्ट्सवरच्या एका जुन्या, पण अजून उपयोगी अभ्यासाकडे वळू. २०११ मध्ये गिफर्ड च्युंग आणि जेफ हुआंग यांनी स्टारक्राफ्ट या खेळाच्या प्रेक्षकांवर निबंध लिहिला. प्रेक्षकांनी स्वतः लिहिलेल्या अनुभवांवरून त्यांनी नऊ प्रकारचे प्रेक्षक मांडले. पण निबंधातली खरी मोलाची कल्पना दुसरीच आहे : माहितीची विषमता. स्टारक्राफ्टमध्ये नकाशावर धुकं असतं. प्रतिस्पर्धी पलीकडे काय रचतोय ते खेळाडूला दिसत नाही. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दिसतात. एकाचं सैन्य दबा धरून बसलंय आणि दुसरा निवांत त्याच दिशेनं निघालाय हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. करमणूक तिथून येते. नाटकात पडद्यामागे लपलेलं पात्र आपल्याला दिसतं आणि रंगमंचावरच्या नायकाला दिसत नाही, तसंच.

बुद्धिबळात असं धुकं नाही. पट सगळ्यांसमोर उघडा असतो. हंपीला दिसतं तेच दिव्याला दिसतं, आणि तेच हिंगणघाटच्या प्रेक्षकाला. फरक असतो तो फक्त समजण्याचा, आणि तिथे आपण खेळाडूंच्या कितीतरी मागे असतो. खेळाडू विचारात पडली की आपणही तिच्यासोबत, तिच्याहून कमी उजेडात चाचपडायचो.

पट्टीनं हे नातं उलटं केलं. आता आपल्याला उत्तर माहीत असतं, तिला नसतं. बुद्धिबळात नसलेलं धुकं पट्टीनं आणलं, आणि ते खेळाडूच्या डोळ्यांवर टाकलं. आपण तिच्यासोबत चाचपडणारे राहिलो नाही, उत्तरपत्रिका हातात घेऊन बसलेले परीक्षक झालो. म्हणून तर थेट प्रक्षेपणाच्या बाजूच्या चॅटमध्ये ‘कसं दिसत नाही हिला?’ असली वाक्यं सर्रास येतात. लिहिणाऱ्यालाही ते दिसलेलं नसतं. पट्टीला दिसलेलं असतं.

यात नुकसान कुणाचं? एक तर खेळाडूचं. १९ वर्षांच्या मुलीनं १० सेकंदांत घेतलेला निर्णय ‘चूक’ या एका शब्दात मोडीत निघतो. दुसरं आपलं. अवघड गोष्ट अवघड म्हणून बघण्याचा आनंद जातो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि टीका करताना ती टाळू नये. समालोचन बहुतांशी इंग्रजीत नाहीतर हिंदीत असतं, आणि त्यातही चालींची परिभाषा. देवळीतल्या एखाद्या शाळेतली मुलगी पहिल्यांदा हा खेळ बघत असेल तर तिला कळणारी एकमेव भाषा म्हणजे ती पट्टी. आपली मुलगी पुढे आहे की मागे, एवढं तरी समजतं. पट्टी नसती तर बातुमीचा सामना बघणारे कितीतरी लोक पाच मिनिटांत उठून गेले असते. दार पट्टीनं उघडलं हे मान्य. पण दार म्हणजे घर नाही.

धक्का वेगळा, उत्कंठा वेगळी

आता मुख्य मुद्दा. जेफ्री ईली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनिचा या तीन अर्थशास्त्रज्ञांचा २०१५ चा एक निबंध आहे, उत्कंठा आणि आश्चर्य यांच्यावर. त्यात गणित भरपूर आहे, पण गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. आश्चर्य म्हणजे आत्ता जे कळलं त्यानं आपला आधीचा अंदाज किती हलवला. उत्कंठा म्हणजे पुढच्या क्षणी आपला अंदाज किती हलू शकतो. एक मागे बघतं, दुसरी पुढे.

उदाहरण घ्या. दोन स्थिती आहेत, दोन्हींत दिव्याच्या विजयाची शक्यता ५० टक्के. पहिलीत पुढच्या चालीनंतर ती ५२ होईल किंवा ४८. दुसरीत ९० होईल किंवा १०. पट्टी दोन्ही वेळा मधोमध, निवांत. पण पहिल्या स्थितीत तुम्ही चहा आणायला उठाल आणि दुसऱ्या स्थितीत श्वास रोखून बसाल. पट्टी जिथे थांबलेली असते, नेमका तिथेच थरार शिगेला असू शकतो. ती हलते तेव्हा उत्कंठा संपलेली असते. उरतो तो धक्का.

म्हणून पट्टीची एकूण हालचाल काढून तिला ‘थराराचा निर्देशांक’ म्हणणं बरोबर नाही. फार तर तो आश्चर्याचा निर्देशांक होईल, आणि तोही इंजिनाच्या आश्चर्याचा. उत्कंठा हवी असेल तर पुढच्या शक्यता किती फाकलेल्या आहेत ते बघावं लागेल, आणि त्यासाठी पटाइतकंच महत्त्वाचं आहे घड्याळ.

बातुमीच्या टायब्रेकमध्ये दर चालीमागे १० सेकंद वाढीव होते. वेळ संपत आला तरी प्रत्येक चालीला थोडा श्वास मिळतो, आणि डाव लांबला की तोच ताण चालीमागून चाल पुन्हा येतो. रियाधमध्ये प्रत्येकाला १० मिनिटं, वाढीव काही नाही. तिथे घड्याळ फक्त खाली जातं. पटावर जिंकत असलेला खेळाडू वेळेवर हरू शकतो. एकच स्थिती, एकच पट्टी, पण एकाकडे ४० सेकंद आणि दुसऱ्याकडे ६ असतील तर पुढच्या शक्यता एकदम फाकतात. प्रक्षेपणात पट्टी उंच आणि ठळक असते, घड्याळ नावाशेजारी बारीक अक्षरांत. हे उलटं असायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र यावरून ‘ई-स्पोर्ट्सचा थरार बुद्धिबळाच्या विश्वचषकापेक्षा जास्त’ असा निष्कर्ष काढायला धावू नका. बातुमी आणि रियाध यांत वेळेचा नियम वेगळा, खेळाडू वेगळे, बक्षीस वेगळं (विजेत्याला तिथे ५० हजार डॉलर, इथे अडीच लाख), आणि विदर्भातल्या प्रेक्षकासाठी तर ‘आपली’ खेळाडू फक्त एका ठिकाणी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

सर्व्हे काय सांगतो, काय नाही

‘मग प्रश्नावली देऊ,’ असं काही जण म्हणतील. या क्षेत्रात सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी एक तसाच आहे. जुहो हमारी आणि मॅक्स स्योब्लोम यांनी २०१७ मध्ये ८८८ जणांच्या ऑनलाइन सर्वेक्षणातून विचारलं, लोक ई-स्पोर्ट्स का बघतात? ज्या गोष्टींचा वारंवार बघण्याशी संबंध दिसला त्या अशा : रोजच्या आयुष्यापासून सुटका, खेळाबद्दल ज्ञान मिळवणं, नावीन्य आणि खेळाडूंची आक्रमकता.

काम नेटकं आहे. पण त्यांनी मोजलंय काय ते नीट बघा : माणूस किती वेळा बघतो. एखादा अंतिम सामना बघताना काय वाटलं, हे नाही. रोज दोन तास बघणारा शांतपणे बघत असेल, आणि वर्षातून एकदाच बघणारी आजी दिव्यासाठी देव पाण्यात घालून बसली असेल. वारंवारता आणि तीव्रता या दोन गोष्टी. तुमचा विषय थरार असेल तर हा निबंध तुमच्या संदर्भात येईल, पण त्याची प्रश्नावली जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

निकाल माहीत असताना धडधड का होते?

शेवटची अडचण सगळ्यात गमतीची. २८ जुलैचा तो डाव आज पुन्हा लावून बघा. दिव्या जिंकणार हे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे. ईली आणि मंडळींच्या व्याख्येनं उत्कंठा शून्य यायला हवी, कारण अंदाज हलायला जागाच नाही. तरीही शेवटच्या टप्प्यात आपण पुढे सरकून बसतोच. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्येच कथा वाचणाऱ्यांच्या संदर्भात हा पेच मांडला होता : शेवट माहीत असूनही वाचक उत्कंठा अनुभवतात.

याचा अर्थ व्याख्या टाकून द्यायची का? नाही. अर्थ असा, की ती थराराचा एक भाग पकडते. उरलेला भाग बहुधा खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवण्यातून येतो. दिव्याला पुढचं माहीत नाही, आणि आपण काही काळ तिच्या न-माहितीत राहायला जातो. पट्टी हेच अवघड करून ठेवते, म्हणून माझी तक्रार.

तुम्ही काय करू शकता

हा विषय घ्यायचाच असेल तर मोठं यंत्र, मोठा निधी लागत नाही. जिल्ह्यातल्या दोन-तीन कॉलेजांत होईल असं काम आहे. एखादा कमी परिचित जलद डाव निवडा. दिव्याचा नको, निकाल सगळ्यांना पाठ आहे. विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला पट्टीसह चित्रफीत, दुसऱ्याला तीच चित्रफीत पट्टी झाकून. समालोचनाचा आवाज दोघांनाही बंद, नाहीतर समालोचक पट्टी वाचून दाखवेल आणि प्रयोग वाया जाईल. ठरलेल्या आठ ठिकाणी थांबवा आणि दोनच प्रश्न विचारा : आता कोण जिंकेल असं वाटतं, किती टक्के? आणि पुढची चाल बघायची किती घाई झालीय, शून्य ते दहा? बुद्धिबळ किती येतं याची नोंद आधीच घ्या. संमतीपत्र आणि नैतिकता समितीची परवानगी विसरू नका.

दोन गटांत काय फरक निघेल? माझा अंदाज असा, की ज्यांना बुद्धिबळ जेमतेम येतं त्यांची घाई पट्टीमुळे वाढेल, आणि ज्यांना बरं येतं त्यांची कमी होईल. तसं निघालं तर पट्टीवरची माझी तक्रार अर्धीच बरोबर ठरेल, आणि देवळीच्या मुलीची बाजू तितकीच वजनदार. उलट निघालं तर आणखी चांगलं, लिहायला काहीतरी नवीन मिळेल.

तोवर एक सोपी गोष्ट करून बघा. पुढचा कुठलाही अंतिम सामना, पटावरचा असो की पडद्यावरचा, बघताना पट्टीवर कागदाचा तुकडा चिकटवा आणि नजर घड्याळावर ठेवा. कधी पुढे सरकून बसलात त्या वेळा वहीत लिहा. नंतर कागद काढून त्या वेळांना पट्टी काय म्हणत होती ते ताडून बघा. सिनॉप्सिसमधलं ते अडलेलं वाक्य दुरुस्त करायला तेवढी एक वही पुरेल.